झाडू कायम करायचा की टाकायचा?

मोर्चात घोषणा द्यायच्या आधी एका सवालाचा निकाल लावू. सफाईचं काम ठेकेदाराला दिलं की आपण ओरडतो, 'कायम करा!' कायम काय करायचं? झाडूच ना? चांदूर रेल्वेतल्या एका पोरानं मला सरळच विचारलं, "भाऊ, बाबासायेब त मेलेलं ढोर ओढू नका म्हणत. मंग आमाले झाडूवर कायम काऊन करता?"

सवाल खरा आहे. उडवून लावू नका.

पण त्याच बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला ते जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बोलले. (आपल्या गावाच्या नावातली रेल्वे हीच.) अस्पृश्य जन्मभर गँगमनच का? पोर्टरसुद्धा का नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलं काम पडे, अन् तिथं विटाळ! ब्राह्मणशाही अन् भांडवलशाही, दोन्ही शत्रू त्यांनी तिथंच सांगितले. नोकरी सोडा म्हणाले नाहीत. वर चढू न देणाऱ्याचं नाव घेतलं.

आता ठेका काय करतो? माणूस तोच, जात तीच, गटार तेच. मालक तेवढा दिसेनासा होतो. नगरपरिषद म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो बिल निघालं नाही. कलम १६(४) चं आरक्षण सरकारी नोकरीला. ठेकेदाराच्या वहीत कसला रोस्टर? मुंबईच्या २,७०० सफाई कामगारांना कायम व्हायला २०१७ साली सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं. राज्य सरकारनं नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती काढली, ती पोरांच्या संतापानं ऑक्टोबर २०२३ मध्ये मागं घ्यावी लागली.

कायम पगारावर पोरगी अमरावतीच्या कॉलेजात जाते. ठेक्याच्या मजुरीवर ती आईसोबत झाडू धरते. मग वंशपरंपरा कोण चालवतो?

काटा आपल्याही पायात आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. भाकर मिळते, मी नाकारणारा कोण? पण त्याला वतनाचा वास येतोच. बी.ए. झालेलं पोरगं बापाच्याच झाडूला का लागावं? म्हणून मी म्हणतो, मागणी दुहेरी करा: काम करतो त्याला कायम, अन् वारसाला त्याच्या शिक्षणाजोगी जागा. युनियनमधले जुने लोक भितात, म्हणतात, असं मागितलं तर हातची जागाही जाईल. भीती खोटी नाही. तरी पुढच्या बैठकीत हा विषय मी त्यांच्यापुढंच मांडणार आहे. तुम्ही या.