खात्रीचा चेहरा

‘नाव विसरेन, पण एकदा पाहिलेला चेहरा विसरणार नाही,’ असं आपल्यापैकी कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. ते खोटं बोलत नसतात. शाळेतला सोबती तीस वर्षांनी टक्कल पडून समोर आला तरी ओळखू येतो. फलाटावरच्या गर्दीत बहिणीचा अर्धा चेहरा दिसला तरी पुरतो. पण हे सगळे आपल्या माणसांचे चेहरे. अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत आपण किती कच्चे आहोत, हे कळायची वेळच येत नाही. पूर्वी पाहिलेला एखादा माणूस शेजारून गेला आणि आपण ओळखला नाही, तर ती चूक आपल्याला सांगणार कोण?

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११ साली दोन प्रसिद्ध डच स्त्रियांचे प्रत्येकी २० फोटो एकत्र मिसळले आणि लोकांना सांगितलं, एका व्यक्तीचे फोटो एका ढिगात ठेवा. त्या दोघींना न ओळखणाऱ्यांनी सरासरी सात-आठ ढीग केले. ज्यांना ते चेहरे ठाऊक होते, अशा बहुतेक डच लोकांनी दोनच. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांचं तर समोरचा माणूस आणि फोटो ताडून पाहणं हेच रोजचं काम. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनीही सुमारे १४ टक्के वेळा भलत्याच व्यक्तीचा फोटो खरा मानला. नोकरीची वर्षं वाढल्याने नजर सुधारलेली दिसली नाही.

एरवी हे कुतूहल म्हणून सोडून देता आलं असतं. पण कोर्टात बोट दाखवून ‘हाच तो’ म्हटलं जातं, तेव्हा त्या खात्रीची किंमत दुसराच कुणी मोजतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९८४ साली जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर तिच्या घरात घुसून बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने त्या माणसाचा चेहरा नीट मनात साठवून ठेवला, त्याला शिक्षा व्हावी म्हणून. पुढे पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग समोर उभ्या केलेल्या माणसांच्या रांगेतूनही त्यालाच. रांगेत ती आधी दोघांमध्ये घुटमळली होती. फोटोतही हाच निवडला होतास, असं तिला नंतर सांगण्यात आलं आणि घुटमळ संपली. कॉटनला जन्मठेप झाली. १९८७ साली फेरसुनावणीत खरा गुन्हेगार, बॉबी पूल, तिच्यासमोर आणला गेला. याला मी कधीच पाहिलेलं नाही, असं तिने सांगितलं. १९९५ साली डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरला. तोवर त्याची दहाहून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती.

या बाईला मी दोष देऊ शकत नाही. तिच्या हेतूत काहीही कमी नव्हतं. तिच्या खात्रीत मात्र तिच्या आठवणीइतकाच इतरांच्या होकाराचाही वाटा होता, आणि तो तिचा तिला दिसणं शक्य नव्हतं. ते पाहण्याची जबाबदारी तिच्याभोवतीच्या यंत्रणेची होती. पुढे तिने आणि कॉटनने मिळून पुस्तक लिहिलं आणि साक्षीदारांकडून ओळख पटवण्याच्या पद्धती बदलाव्यात म्हणून दोघं झटले. त्यांच्या राज्याने २००७ साली तसा कायदा केला: रांग किंवा फोटो दाखवणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावं, आणि साक्षीदाराला किती खात्री वाटते ते त्याच वेळी, त्याच्याच शब्दांत नोंदवावं.

आपल्याकडे ओळख परेड पोलीस स्वतः घेत नाहीत. महाराष्ट्रात ती बहुधा नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात. ही काळजी मोलाची आहे. पण खटला उभा राहीपर्यंत वर्षं उलटतात आणि पिंजऱ्यातल्या आरोपीकडे पाहणाऱ्या साक्षीदाराचा आवाज तोवर ठाम झालेला असतो. म्हणून परेडच्या पंचनाम्यात ‘ओळखले’ एवढाच शेरा पुरे नाही. साक्षीदार किती वेळ थांबला, आधी कुणापाशी अडखळला, त्या क्षणी नेमकं काय म्हणाला, हेही त्यात उतरलं पाहिजे.