छिन्नी कोणाच्या हातीं?

ज्यास पुढचें दिसतें त्यानें इतरांस कितपत धोक्यांत घालावें, हा प्रश्न राजे व सेनापति यांच्याविषयीं पुष्कळ चर्चिला गेला आहे. यंत्रशास्त्रज्ञाविषयीं तो क्वचितच विचारला जातो; कारण यंत्र चाललें कीं त्याच्या कर्त्याचें सर्व कांहीं क्षम्य ठरतें. आम्हांस हा न्याय पुरेसा वाटत नाहीं. सेबास्टियन झियानी दि फेरांटी याच्या चरित्रावरून त्याची परीक्षा पाहूं.

फेरांटी १८६४ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला. १८८७ सालीं, ऐन तेविशींत, लंडन इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनचें मोठें काम त्याच्या हातीं आलें. त्या काळीं वीज जेथें जाळावयाची त्याच्या आसपासच ती उत्पन्न करीत. फेरांटीनें थेम्सकांठीं डेप्टफर्ड येथें, जेथें कोळसा पाण्यावरून येईल, तेथें प्रचंड केंद्र उभारून १०,००० व्होल्ट दाबानें वीज लंडनमध्यें नेण्याचें योजिलें. दोन-अडीच हजार व्होल्ट हाच तेव्हां मोठा दाब समजला जाई. परंतु हिशेब निर्विवाद होता: दाब चौपट केला तर तितक्याच शक्तीस चतुर्थांश प्रवाह पुरतो, आणि त्याच तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारा व्यय सोळाव्या हिश्श्यावर येतो.

यासाठीं त्यानें स्वतः केबल घडविली. एका तांब्याच्या नळीभोंवतीं मेणांत भिजविलेला कागद, त्यावर दुसरी नळी, आणि ती बाहेरची नळी जमिनीशीं जोडलेली. सरकारी अधिकाऱ्यांची भीति घालविण्यासाठीं केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. प्रवाह चालू असतां एका साहाय्यकानें केबलीवर छिन्नी धरली, दुसऱ्यानें घण घातला, आणि छिन्नी आंत शिरली. धरणाऱ्यास कांहीं झालें नाहीं. कारण छिन्नी आधीं जमिनीशीं जोडलेल्या नळीस भिडते, आणि आंतली नळी लागतांच फ्यूज जळून प्रवाह तुटतो.

ज्ञान फेरांटीचें होतें; हात मात्र दुसऱ्याचा होता. स्तुतिपाठक म्हणतील, अपाय झाला नाहीं, मग दोष कसला? पण फळावरूनच कृत्याची नीति ठरवावयाची तर नोव्हेंबर १८९० मध्यें ग्रोव्हनर गॅलरीचें उपकेंद्र आगींत जळालें, ग्राहक अंधारांत राहिले, कित्येक कंपनीला सोडून गेले, आणि १८९१ सालीं फेरांटीसही तेथून निघावें लागलें, त्याचें काय? मनुष्य तोच, आत्मविश्वासही तोच. मग छिन्नीच्या दिवशीं तो धीर आणि आगीच्या दिवशीं अविचारी, असें कसें म्हणावें? फळ हें माप नव्हे, हें उघड आहे.

आमच्या मतें माप निराळें आहे. स्वतःवर धोका घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्यावर तो घालावयाचा तर आपलें ज्ञान आधीं त्याच्या स्वाधीन केलें पाहिजे, आणि ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीकही दिली पाहिजे. छिन्नी धरणाऱ्यास केबलीची रचना दाखवितां येते, पटवितां येते. तरी नोकराचें ‘नाहीं’ कितपत मोकळें असतें, हा प्रश्न उरतोच. केबल ज्यांच्या रस्त्यांखालून जाते त्या हजारोंस तर ती समजावणें अशक्य. अशा वेळीं त्यांच्या वतीनें शंका घेणें हें अधिकाऱ्यांचें काम असतें. म्हणून ज्या भित्र्या अधिकाऱ्यांची इतिहास थट्टा करतो, त्यांस आम्ही तितकेंसें हंसणार नाहीं. त्यांच्या शंकेमुळेंच फेरांटीस आपलें ज्ञान चारचौघांपुढें मांडावें लागलें.

पुढें काळानें फेरांटीचीच बाजू घेतली. त्याच्या केबली कित्येक दशकें वापरांत राहिल्या; १९२७ सालीं तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला; १९३० सालीं तो वारला तेव्हां ब्रिटनमध्यें १,३२,००० व्होल्टांचें राष्ट्रीय जाळें विणलें जात होतें. द्रष्टा खरा ठरला, याचा आम्हांसही आनंद आहे. परंतु खरें ठरणें वेगळें आणि अधिकार असणें वेगळें. द्रष्ट्याचा हिशेब कितीही बिनचूक असला तरी छिन्नी ज्याच्या हातीं द्यावयाची त्याला विचारण्याचें कर्तव्य त्यामुळें टळत नाहीं.