पिठाचा कोंबडा

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्यामुळे साडेपाच वाजले की मला जेवणाचं टेबल मोकळं लागतं, आणि नेमकं त्याच टेबलावर ह्यांचं विमान अर्धवट पडलेलं असतं. निवृत्त झाल्यापासून ह्यांना प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडायचा नाद लागलाय. लहानपण सांबऱ्याच्या विमानतळाजवळ गेलं, तेव्हाचं वेड आता वर आलं असणार. मुलगा पुण्याहून किट आणून देतो. खोक्यात तयार खेळणं नसतं बरं का! प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले सुटे भाग असतात. एकेक भाग कापून सोडवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. शेवटी पाण्यात भिजवलेली चिन्हं आणि अक्षरं अलगद सरकवून बसवायची. बहुतेक विमानं खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी. आतल्या वैमानिकाचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, तेही हे श्वास रोखून रंगवतात.

गोंदाच्या वासावरून मी कुरकुरायची, पण खरा वाद पेटला दिवाळीत. सहा वर्षांच्या नातवाने कपाटातलं चार पंख्यांचं मोठं विमान उचललं आणि अंगणात मुंग्यांच्या रांगेवरून फिरवत ओरडला, "आजी, बॉम्ब टाकला! सगळ्या खलास!" मुंगी एकही मेली नव्हती. पण माझ्या पोटात धस्स झालं.

ते विमान होतं बी-२९. खऱ्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाचं, जेमतेम फूटभर रुंद. नाकाशी बारीक अक्षरांत नाव, 'एनोला गे'. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं ते हेच. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. आणि एनोला गे हे त्या वैमानिकाच्या आईचं नाव! हे कळल्यापासून मला त्या कपाटाकडे बघवेना.

लहानपणी आमची आज्जी बस्तीतून आली की यशोधर राजाची गोष्ट सांगायची. आपल्यापैकी बहुतेकींनी ती ऐकली असेल. कन्नडमध्ये जन्न कवीने १२०९ साली ती काव्यात लिहिली. राजाला वाईट स्वप्न पडल्याचं ऐकून आई म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही. मग मायलेक मधला मार्ग काढतात, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. पीठच ते! त्यात कुठला आलाय जीव? पण कापताना मनात कोंबडाच होता. त्यापायी दोघांना मोर, कुत्रा, बकरा, कोंबडा असे जन्मावर जन्म भोगावे लागले.

मग प्लॅस्टिकचं बॉम्बफेकी विमान हा पिठाचा कोंबडाच नाही का? मी ह्यांना तसं विचारलं. हे म्हणाले, "अगं, मी विमान करतो, युद्ध करत नाही. राजाने कोंबडा कापला म्हणून पाप लागलं. ज्याने पीठ मळून तो केला, त्याचं काय?"

मला उत्तर सुचेना. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. ठरवून मारणं ती संकल्पी, घरकामातली आरंभी, धंद्यातली उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. श्रावकाने संकल्पी सोडायलाच हवी, बाकीच्या जमेल तितक्या कमी करायच्या. ह्यांच्या कपाटात नॅट हे छोटं लढाऊ विमानही आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला चालू असताना निर्मलजीत सिंग सेखों असंच विमान घेऊन वर गेले, लढता लढता गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या नॅटपुढे माझे हात आपोआप जुळतात. म्हणजे माझी तक्रार विमानाबद्दल नव्हतीच. लोकांच्या घरांवर बॉम्ब टाकणारं विमान मुलाच्या हाती खेळ म्हणून यावं, त्यात त्याला मौज वाटावी, ही तक्रार. हिंसेत आनंद मानणं याला आपल्याकडे रौद्रध्यान म्हणतात. हात कोरडे राहिले, तरी मन माखतं.

इथवर सगळं माझ्या बाजूने होतं. पुढचं सांगायला जड जातंय.

दिवाळी संपून पाहुणे गेले. कपाट पुसताना ते विमान हातात आलं. वास, पसारा, दोन महिने अडलेलं टेबल, सगळं एकदम आठवलं. मी शेपटी अंगठ्याखाली दाबली. कट्‌कन आवाज आला. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "अहो, पुसताना पडलं." हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बसून शेपटी चिकटवली.

प्लॅस्टिकच ते! त्यात कुठला आलाय जीव? पण दाबताना माझ्या मनात प्लॅस्टिक नव्हतं, ह्यांचे दोन महिने होते. अहिंसेवर व्याख्यान मी देत होते आणि कोंबडा मीच कापला होता. वर खोटंही बोलले.

पुढे दशलक्षण पर्व आलं. क्षमावणीच्या दिवशी सगळ्या जगाची क्षमा मागून झाल्यावर घरी येऊन ह्यांना खरं काय ते सांगितलं. हे म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. पडलं असतं तर आधी पंख्यांची पाती गेली असती." दहा महिने हा माणूस जाणून होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. क्षमा मागायला मी गेले होते. ती मला कधीच मिळून गेली होती.

ते विमान अजून कपाटात आहे, शेपटीवर सांध्याची रेघ दिसते. मी ते काढायला सांगितलं नाही. पण नातवाला ते नुसतं हातात द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. आधी त्याने शेजारी बसून एक विमान स्वतः जोडायचं, मग त्या नावाची आणि त्या सकाळची गोष्ट ऐकायची. आणि शेपटीवरची रेघ कसली, असं त्याने विचारलं, तर ती गोष्ट मी सांगायची.