वारा कुणी कापला?

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. शर्यत नसते, नंबर नसतात, कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं. म्हणून ‘ज्याची त्याची राइड’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

मे महिन्यात सरावाला आम्ही सातजण नेरळहून कळंबकडे निघालो, तेव्हा सकाळपासून एक दादाच पुढे होता. पुढचा वारा कापतो. त्याच्या चाकामागे चाक ठेवलं की मागच्याला कमी जोर लागतो. अकरानंतर इथली दमट हवा घाम वाळूच देत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड कसं होणार? कळंबच्या अलीकडे दादा मागे पडला.

"थांबलो तर सगळेच भाजू," कुणीतरी म्हणालं. खोटं नव्हतं, सावली कुठेच नव्हती.

पण थांबणं ही दया कशी? आमच्या पायांत उरलेला जोर थोडा त्याचाच होता. पुढे राहायचा हट्ट त्याचा, असंही म्हणता येईल. मग सकाळी त्या हट्टाला कुणीच कसं नाव ठेवलं नाही?

पाचजणांपैकी कुणी पाणी ओतलं, कुणी ओआरएस दिलं... थांबा, हिशेब चुकतोय: थांबलो आम्ही चौघं, दोघं पुढे गेले. संध्याकाळी त्यांनी स्ट्राव्हावर आपला सरासरी वेग टाकला. त्यात दादाचे किलोमीटर वेगळे दिसत नाहीत.