मदत आणि कर्तेपण

इंग्लंडमध्ये खुब्याचे हाड मोडलेला किंवा अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस रुग्णालयातून घरी आला की त्याला काही आठवड्यांपुरती घरपोच मदत मिळू शकते. या मदतीला तिथे रीएबलमेंट म्हणतात. २०१४ च्या केअर कायद्याखालील नियमांप्रमाणे पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत तिचे शुल्क आकारता येत नाही. डेन्मार्कमधल्या फ्रेडेरित्सिया शहरात २००८ मध्ये अशाच पद्धतीचा प्रयोग सुरू झाला. पुढे २०१५ पासून तिथल्या कायद्याने नगरपालिकांवर गरजू माणसाला असे मुदतबंद पुनर्वसन देऊ करण्याची जबाबदारी टाकली.

नेहमीच्या घरकाळजीपेक्षा ही मदत वेगळी आहे. नेहमीची मदतनीस येते, अंघोळ घालते, कपडे चढवते, खायला देते आणि पुढच्या घरी जाते. रीएबलमेंटची कार्यकर्ती जवळ उभी राहते, पण हात आवरून. झटक्याने डावा हात लुळा पडलेल्या माणसाला ती शर्ट घालायला शिकवते. शर्ट मांडीवर पसरायचा. उजव्या हाताने डावा हात बाहीत सरकवायचा, बाही कोपराच्या वर खांद्यापर्यंत ओढून घ्यायची आणि मगच चांगला हात घालायचा. काढताना क्रम उलटा, आधी चांगला हात बाहेर. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागतात. बाही कोपराशी अडकते, माणूस चिडतो, थांबतो, पुन्हा धरतो. कार्यकर्ती पुढची पायरी तोंडाने सांगते आणि अगदीच अडले तर बाहीचे टोक धरते.

यामागे वैद्यकीय कारण आहे. अंथरुणाला खिळून राहिल्याने म्हातारपणी स्नायू फार लवकर झडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू घटले. झटक्यानंतर लुळा हात वापरलाच नाही तर त्यात उरलेली ताकदही वापरायची सवय सुटते.

पण शरीरशास्त्राने सगळा प्रश्न सुटत नाही. समोरचा धडपडत असताना हात आवरून उभे राहणे, याला सेवा म्हणायचे का? मराठी घरात आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला उठू न देणे. ‘तुम्ही बसा, मी आहे ना’ या वाक्यात खरी माया असते आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. अशा घरात वाढलेल्याला ती वीस मिनिटे निष्ठुर वाटली तर नवल नाही.

इथे न्यायदर्शनातली कर्त्याची व्याख्या उपयोगी पडते. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहावरील दीपिका या टीकेत ती ईश्वराच्या संदर्भात येते, पण मडके घडवणाऱ्या कुंभारालाही लागू होते. कर्ता तो, ज्याच्याजवळ कशातून काय घडवायचे याचे ज्ञान असते, ते घडवण्याची इच्छा असते आणि त्यासाठीचा प्रयत्न असतो. रुग्णालयात ही तिन्ही अंगे हळूहळू दुसऱ्यांकडे जातात. ज्ञान फायलीत असते, इच्छा कोणी विचारत नाही, प्रयत्न परिचारिका करते. जीव वाचवायला काही दिवस हे लागतेच. घोटाळा पुढे होतो, कारण घरी आल्यावर हीच व्यवस्था मायेच्या नावाने चालू राहते. कार्यकर्ती हात आवरते ती प्रयत्न मूळ मालकाकडे परत जावा म्हणून. त्यामुळे तिचे थांबणे ही सेवाच आहे, आणि धीराने करावी लागणारी म्हणून अधिक कठीण.

मग ज्याचा प्रयत्न कधीच परत येणार नाही, त्याचे काय? अमेरिकेत बर्कली येथे १९७२ मध्ये एड रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपंगांचे स्वतंत्र जीवन केंद्र उभे केले. पोलिओमुळे रॉबर्ट्‌स यांचे मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले होते. त्यांच्या चळवळीचे म्हणणे असे की स्वातंत्र्य बटण स्वतः लावण्यात नाही. कोणी, केव्हा आणि कसे लावायचे हे ठरवण्यात आहे. हा आक्षेप भक्कम आहे. शर्टात सकाळची सगळी ताकद संपली तर दिवसभराच्या कामाला काय उरणार?

स्वतः धडपडणारा आणि दुसऱ्याकडून करून घेणारा, दोघांनाही पाणिनीचे व्याकरण सामावून घेते. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, असे पाणिनी सांगतो आणि त्याच प्रकरणात करणाला, म्हणजे साधनालाही जागा देतो. कुऱ्हाडीवाचून लाकूड तुटत नाही, म्हणून तोडणाऱ्याचे कर्तेपण उणावत नाही. वॉकर, संडासाजवळची दांडी, दुसऱ्याचा हात ही सगळी साधनेच. मदत किती घेतली यापेक्षा इच्छा कोणाची चालली, हे आधी पाहायला हवे.

रीएबलमेंट बिघडते ती इथेच. लोक लवकर सावरले की इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलचा खर्च वाचतो, आणि खर्च वाचवण्यात गैर काही नाही. पण मदतीचे तास कमी करणे हेच ध्येय झाले की इच्छा कार्यालयाची होते आणि प्रयत्न तेवढा म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येतो. एखाद्या बाईला रविवारी चर्चमध्ये जायचे असेल, तर अंघोळीला मदत घेऊन ताकद जिन्यासाठी राखून ठेवणे तिच्या दृष्टीने शहाणपणाचे. तिने आधी अंघोळ एकटीने जमवावी, हा हट्ट तिच्यावर लादलेलाच ठरतो.

धर्माच्या बाजूने एक शंका उरते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘मीच कर्ता’ ही भावना अहंकाराची भूल म्हटली आहे, वारकरीही कर्तेपण विठ्ठलाच्या पायी वाहतो. मग आजारपणाने सुटलेले कर्तेपण पुन्हा का जोडायचे? कारण सुटणे आणि सोडणे एक नाही. अर्पण करण्यासाठी वस्तू आधी आपली असावी लागते. दुसऱ्याने काढून घेतलेल्याला समर्पण म्हणता येत नाही. गीतेच्याच अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत शरीर, साधने, निरनिराळे प्रयत्न आणि दैव यांच्या बरोबरीने कर्ताही मोजला आहे.

महाराष्ट्रात हा भार बहुतेक घरच्यांवर आणि पैसे देऊन ठेवलेल्या मदतनिसांवर पडतो. आजोबांना स्वतः शर्ट घालू दिला तर शेजारी काय म्हणतील, हा धाकही खराच आहे. त्यासाठी डॉक्टरांनी घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर एवढे तरी सांगावे: रोग्याने काय स्वतः करायचे, कुठे नुसते जवळ उभे राहायचे आणि कुठे हात द्यायचाच.

इंग्लंडमधले सहा आठवडे ही कारभाराची मुदत आहे. काही जण त्याआधीच सावरतात. स्मृतिभ्रंशासारख्या वाढत्या आजारात ज्ञान आणि प्रयत्न दोन्ही ओसरत जातात. तिथेही पोळी हवी की भात, खिडकी उघडायची की नको, हे बोलून किंवा खुणेने विचारता येते. पुढच्या कायमच्या मदतीची आखणी अशा उत्तरांवरून व्हायला हवी.