वाट कोणी द्यावी?

हक्क आणि सौजन्य यांतील भेद आपण सारेच गृहीत धरून चालतो. हक्काची मागणी करता येते, सौजन्याची करता येत नाही. हक्क डावलला गेला तर दाद मागता येते. सौजन्य नाकारले गेले तर मनात खंत बाळगण्यापलीकडे काही करता येत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने कर्तव्यांचे पूर्ण आणि अपूर्ण असे दोन वर्ग केले, त्यांतही याच्याशी मिळताजुळता विचार दिसतो. दुसऱ्यास साहाय्य करणे हे कर्तव्य खरे. परंतु ते केव्हा, कोणास आणि किती करावे हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलेले असते. या भेदामुळे एक समज मात्र रूढ झाला आहे. समाजाचे गाडे हक्कांवर चालते आणि सौजन्य ही त्यावरची शोभा, असा तो समज. तो कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी मी एक अगदी व्यवहारातले उदाहरण घेऊ इच्छितो : वर्दळीच्या द्रुतगती मार्गावर बाजूच्या जोडरस्त्याने येऊन सामील होणे.

अहमदाबाद-वडोदरा हा सुमारे ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग झाल्यापासून आम्हां वडोदरेकरांना हा अनुभव नित्याचा आहे. पुण्या-मुंबईच्या आप्तांना तो २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या त्यांच्या द्रुतगती मार्गावर येत असतो. मोटार जोडरस्त्यावर येते, डाव्या बाजूने मुख्य मार्गाला समांतर धावू लागते, आणि पुढे ही जादा मार्गिका संपत आलेली दिसते. उजवीकडून वाहनांची रांग अखंड चाललेली असते. दहा-पंधरा सेकंदांत निर्णय व्हायचा असतो, आणि तो एकमेकांस न ओळखणाऱ्या, एक शब्दही न बोलणाऱ्या दोन माणसांनी मिळून घ्यायचा असतो. अशा वेळी वाट कोणी द्यावी?

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. आपल्याकडील १९८९ च्या रस्ता नियमांनी मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांस आधी जाऊ द्यावे असे सांगितले होते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मधील २५९ वा नियमही अग्रहक्क मुख्य मार्गावरील वाहनांनाच देतो. येणाऱ्याने आपला वेग जुळवून डावीकडच्या मार्गिकेत सुरक्षितपणे शिरावे आणि त्या वेगाची सवय होईपर्यंत तेथेच राहावे, असे तो सांगतो. जर्मनीत एखादी मार्गिका पुढे बंद होत असेल, तर अरुंद होण्याच्या ठिकाणी चेनच्या दातांप्रमाणे एक इकडचा, एक तिकडचा असे पुढे जाण्याचा कायदेशीर दंडक आहे. परंतु त्याच जर्मनीत जोडरस्त्याने महामार्गावर येणाऱ्यास हा दंडक लागू नाही. तेथे सरळ जाणाऱ्याचाच हक्क पहिला.

आता थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर अंतर तोडते. पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचे अंतर राखावे हा सुरक्षिततेचा सर्वमान्य संकेत धरला, तर दोन मोटारींमध्ये सुमारे ५५ मीटर जागा राहील. या जागेत तिसरी मोटार शिरली तर पुढचे आणि मागचे अंतर एकेक सेकंदाहूनही कमी होते. दोन्ही बाजूंस योग्य अंतर राहायचे असेल तर मुळात चार सेकंदांहून अधिक, म्हणजे शंभराहून अधिक मीटर मोकळी जागा हवी. याचा अर्थ असा की मार्ग वाहनांनी भरलेला असेल, प्रत्येक चालक नियमांचे तंतोतंत पालन करीत असेल आणि प्रत्येक जण आपल्या अग्रहक्कास धरून राहील, तर नव्याने येणाऱ्यास कधीच सुरक्षितपणे शिरता येणार नाही. कोणीही अपराधी नाही, तरीही वाट बंद! कायदा क्रम ठरवू शकतो. जागा निर्माण करू शकत नाही. ती मुख्य मार्गावरच्या कोणाला तरी, आपला हक्क शाबूत असताना, आपण होऊन करावी लागते. ज्याला आपण शोभा म्हणतो तो येथे वास्तूचा खांब आहे.

परंतु सौजन्य म्हणजे केवळ सद्भावना नव्हे, हेही याच उदाहरणावरून कळते. आधी येणाऱ्याचे पाहू. पुष्कळ सज्जन माणसे जोडरस्त्याच्या टोकाशी गाडी थांबवतात किंवा ताशी ४० च्या वेगाने भीतभीत पुढे सरकतात. त्यांना वाटते, आपण नम्रपणे वागत आहोत. प्रत्यक्षात मागून ताशी १०० ने येणारा आणि हे यांच्या वेगांत ६० चे अंतर असते. १०० मीटर मागे असलेले वाहन अवघ्या सहा सेकंदांत यांच्यावर येऊन ठेपते. नम्रतेच्या रूपाने आलेला हा धोकाच होय. नोकरीच्या काळात जिल्ह्याच्या दौऱ्यांवर आमच्याबरोबर असणारे एक वयस्क वाहनचालक म्हणत, ‘साहेब, वाट मागायची ती चालता चालता मागायची, उभे राहून मागितली की भीक होते.’ त्यांच्या बोलण्यात मार्मिक सत्य होते. जोडरस्ता आहे तोच मुळी वेग जुळविण्यासाठी. आरशात पाहणे, आरशात न दिसणाऱ्या कोनाकडे मान वळवून नजर टाकणे, इंडिकेटर वेळेवर देणे, जागा हेरणे आणि तिच्या गतीशी आपली गती एकरूप करणे, हे सारे मिळून येणाऱ्याचे सौजन्य होते. आपण काय करणार आहोत हे दुसऱ्यास आधी कळू देणे, हा त्याचा गाभा.

मुख्य मार्गावरच्यालाही नुसती दया पुरत नाही. समोर कोणी दिसताच कचकन ब्रेक दाबून ‘या, या’ म्हणणारा उदार गृहस्थ मागच्या दहा जणांशी अन्याय करतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी एकसारख्या वेगाने चालविण्यास सांगितले होते. कोठे अडथळा नसताना, चालकांच्या लहानसहान चढउतारांतून कोंडी निर्माण झाली आणि लाटेसारखी मागे मागे सरकत गेली. यावरून अचानक दाबलेल्या ब्रेकचे काय होत असेल याची कल्पना यावी. वाट द्यायची ती दुरून द्यावी. जोडरस्ता येत आहे हे फलकावरून आधीच कळते. तेव्हाच पाय किंचित सैल करावा, अथवा उजवी मार्गिका मोकळी असल्याची खात्री करून तिकडे सरकावे. दिव्यांची उघडझाप करण्यावर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे तिचा अर्थ बहुधा ‘मी येतो आहे, थांब’ असा होतो, तर ब्रिटनमध्ये अनेक जण तीच खूण ‘तू ये’ या अर्थाने करतात, जरी तेथील नियमावली तिचा उपयोग केवळ आपले अस्तित्व कळविण्यापुरता करावा असे बजावते. ज्या खुणेचे दोन विरुद्ध अर्थ होतात, तिच्या भरवशावर जीव टाकू नये.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. रांग सोडून, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून भरधाव येणारा आणि शेवटच्या क्षणी नाक खुपसणारा कोणी असेल, तर त्यालाही वाट द्यावी काय? न्यायबुद्धी म्हणते, देऊ नये. अशाने उद्दामपणास उत्तेजन मिळते. मला मात्र वाटते की द्यावी. धडा शिकविण्याचे साधन म्हणून माझी मोटार आणि तीत बसलेली माणसे वापरण्याचा अधिकार मला नाही. शिक्षा करणे हे शासनाचे काम आहे. मी वाट देतो याचा अर्थ त्याचे वर्तन मला मान्य आहे असा होत नाही. माझ्यावर अवलंबून असलेल्यांचे प्राण मी माझ्या मानापेक्षा मोठे मानतो, एवढाच होतो.

वाट देणे आपल्याला जड का जाते? रेल्वेच्या गर्दीच्या डब्याचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. फलाटावर असताना ‘जरा आत सरका हो’ म्हणणारा गृहस्थ आत शिरताच दाराशी उभा राहून ‘पुढच्या डब्यात जा’ म्हणू लागतो. जोडरस्त्यावर हेच अर्ध्या मिनिटात घडते. अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात अशी कल्पना मांडली की समाजात आपले स्थान कोणते असेल हे ठाऊक नसताना माणसे जे नियम पत्करतील ते न्याय्य समजावेत. रस्त्यावर या अज्ञानाच्या पडद्याचीही गरज नाही. प्रत्येक जण त्याच दिवशी एकदा बाहेरचा असतो आणि एकदा आतला. गरज असते ती केवळ स्मरणाची.

आणि या स्मरणाचा आपणां जुन्या स्थायिक घराण्यांशी जवळचा संबंध आहे. अठराव्या शतकात गायकवाडांच्या पाठोपाठ जी घराणी या भूमीत आली, ती कधी काळी जोडरस्त्यावरच होती. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात गेले तेव्हा ‘विलीनीकरण’ हा शब्द घरोघरी झाला. परंतु आपण येथे विलीन झालो नाही, सामील झालो. भाषा, सण आणि देवघरे राखून येथल्या जीवनाशी गती जुळविली. आणि येथल्या माणसांनीही थोडे सरकून जागा दिली. आज आपण मुख्य मार्गावर आहोत. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून उदरनिर्वाहासाठी येणारी माणसे जोडरस्त्याने येत आहेत. त्यांच्याविषयी आपल्या दिवाणखान्यांतून जे उद्गार कानी पडतात, ते ऐकताना मला तो रेल्वेचा डबा आठवतो.

हक्काने जागा टिकवता येते; ती उपजत नाही. जी जागा आज आपली आहे, तीही केव्हा तरी कोणी आपला पाय किंचित सैल केल्यानेच निर्माण झालेली असते. त्या अनोळखी माणसाचे ऋण त्याला परत करता येत नाही, कारण तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. ते फेडायचे असते आपल्यामागून येणाऱ्याला वाट देऊन.