'तोच हा' म्हणण्याचा अधिकार

संस्थेचा जुना माहितीसाठा नव्या संगणकप्रणालीत हलवणे हे काम तांत्रिक मानले जाते आणि त्याचे नियोजनही बहुधा तंत्रज्ञांवरच सोपवले जाते. परंतु या कामाच्या अखेरीस संस्थेला जे विधान करावे लागते, ते तंत्रज्ञानाच्या कक्षेत मावणारे नाही. नव्या प्रणालीतील नोंदीकडे बोट दाखवून 'ही तीच जुनी नोंद' असे संस्था लोकांना सांगते. साठवणीचे माध्यम, रकान्यांची रचना, मोजमापाची एकके आणि अनेकदा अक्षरांचे संकेतही बदललेले असताना हे तादात्म्य, म्हणजे दोन भासणाऱ्या गोष्टी मुळात एकच असणे, कशाच्या आधारावर सांगता येते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके हाताळलेला आहे.

पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या गावी दिसतो आणि पाहणारा 'तोच हा' असे म्हणतो. या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणे, असे नाव आहे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते प्रत्यभिज्ञा वस्तूच्या स्थैर्याची साक्ष देते. बौद्ध दार्शनिक वस्तू क्षणिक मानतात, म्हणून त्यांच्या लेखी तेथे केवळ सारखेपणा व अखंड क्रम, म्हणजेच संतान, असतो; 'मिलिंदपञ्हा'तील दिव्याच्या दृष्टान्तात पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नव्हेत आणि वेगळ्याही नव्हेत. अद्वैत वेदान्ती तिसरा मार्ग घेतात. 'तो' या शब्दातील जुने स्थळकाळ आणि 'हा' या शब्दातील नवे स्थळकाळ परस्परविरोधी आहेत, म्हणून तेवढा भाग सोडायचा आणि दोन्हींत समान असलेली व्यक्ती राखायची, या रीतीला ते भागत्यागलक्षणा म्हणतात. माहितीच्या स्थलांतराची योजना आखणारा जाणता-अजाणता हेच करीत असतो, कारण काय सोडावे व काय राखावे हे ठरवल्यावाचून नव्या तक्त्यात एकही ओळ भरता येत नाही. अडचण अशी की देवदत्ताच्या बाबतीत स्थळकाळ आगंतुक आहेत हे उघड दिसते, तर नोंदीच्या बाबतीत आगंतुक काय आणि गाभा काय हे नोंद स्वतः सांगत नाही.

महाराष्ट्रातील सातबाराच्या संगणकीकरणात ही अडचण स्पष्ट दिसते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, जो जमिनीवरील हक्क नोंदवतो, आणि गाव नमुना बारा, जो पिके नोंदवतो, यांचा एकत्रित उतारा. हस्तलिखित उताऱ्यात हक्क संपलेल्या माणसाचे नाव पुसले जात नसे. ते कंसात टाकले जाई आणि ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, तो बदल झाला त्याचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. तो कंस म्हणजे विरामचिन्ह नव्हे, तर एक कायदेशीर घटना होती. त्याचप्रमाणे नावापुढे 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे असत, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडिलांच्या पश्चात थोरल्या मुलाचे नाव लागे ते सर्व भावंडांच्या वतीने, एवढे या तीन अक्षरांत सामावलेले होते. नव्या तक्त्यात 'खातेदाराचे नाव' असा एकच रकाना ठेवला आणि ही अक्षरे नावाचा फापटपसारा समजून गाळली, तर नाव अक्षरशः तेच राहते, क्षेत्र तेच राहते, आणि धाकट्या भावाचा व बहिणींचा हक्क मात्र कोणीही काही खोटे न लिहिता नाहीसा होतो. स्थलांतरातील सर्वांत गंभीर हानी ही अशी असते, कारण कोणतीही बेरीज तिची चुगली करीत नाही.

बेरीज ज्यांची चुगली करते त्या चुकाही विचार करायला लावतात. हिस्से आणे-पैत लिहिले जात तेव्हा सोळा आण्यांचा तिसरा भाग बरोबर पाच आणे चार पै येई आणि तीन भावांत काहीही शिल्लक राहत नसे. एक हेक्टर जमीन दशांश पद्धतीने तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३३.३३ आर येतात, बेरीज ९९.९९ आर होते आणि एक चौरस मीटर जमीन कोणाचीच नाही असे कागद सांगू लागतो. तो चौरस मीटर थोरल्याच्या नावे टाकणारी आज्ञा प्रणालीत लिहिणे क्षणाचे काम आहे. पण ती लिहिणारा त्या क्षणी गणित करीत नसतो, वाटणी करीत असतो, आणि वाटणीचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो.

म्हणूनच प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानावे याचा, जुना वाद येथे उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाध होईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरेपर्यंत, त्यावर विश्वास ठेवणे योग्य. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे अन्य कारणांनी, सिद्ध करावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ही भूमिका मीमांसकांच्या जवळची आहे, आणि ती असायलाच हवी, नाहीतर शेतकऱ्याला कर्जासाठी साधा उतारा पुढे करणेही अशक्य होईल. परंतु लोकांनी नोंदीवर असा सहज विश्वास टाकावा, यासाठी ती हलवणाऱ्याने मात्र नैयायिक असले पाहिजे. न्यायदर्शन स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, मानत नाही, कारण तिचा खरेपणा मूळ अनुभवाकडून उसना आलेला असतो. हलवलेली नोंदही अशीच उसन्या बळावर उभी असते आणि मूळ पानाशी तिचा दुवा तुटला की तिला आधार उरत नाही.

मग 'तोच हा' असे म्हणायचे कोणी? ज्याने पूर्वी देवदत्त पाहिलाच नाही, त्याला प्रत्यभिज्ञा होऊ शकत नाही. नोंदींची संख्या जुळवणे, रकमांचा ताळमेळ घेणे, दोन्ही प्रणाली काही काळ समांतर चालवणे, या सर्व तपासण्या आवश्यक आहेत, पण त्या सारखेपणा सिद्ध करतात, ओळख नव्हे. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती लॉइड्स बँकेच्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेली तेव्हा माहिती यशस्वीपणे पोहोचली, असे नियामकांच्या तपासातच नमूद आहे. तरीही प्रणाली कोलमडल्यामुळे असंख्य ग्राहकांना स्वतःच्या खात्यापर्यंत पोहोचता आले नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला. महाराष्ट्रात हस्तलिखित व संगणकीकृत सातबारांतील तफावत दूर करताना २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले, म्हणजे संगणकातील नोंदी गावकऱ्यांपुढे वाचून त्यांचे आक्षेप मागवले गेले. ही प्रशासकीय रीत तत्त्वतः फार मोलाची आहे, कारण ओळख पटवण्याचा अधिकार तिने ओळखणाऱ्यांकडे नेला. कोणत्याही संस्थेच्या योजनेत असे वाचन प्रणाली सुरू होण्याआधी आले पाहिजे. तेथे लेखापाल, जुना लिपिक, सभासद, ज्यांचे नाव नोंदीत आहे असे सर्व जण साक्षीदार ठरतात.

तरीही चावडीवर सर्व जण नसतात. सासरी गेलेली बहीण, मुंबईत स्थायिक झालेला भाऊ, कंसातला मृत मनुष्य यांच्या वतीने कोणी 'होय' म्हटले तर ती प्रत्यभिज्ञा नव्हे, गृहीतक आहे. अशा नोंदींसाठी योजनेत वेगळा रकाना असावा, जो ही ओळख अद्याप पटलेली नाही असे उघडपणे सांगेल. मूळ पानाचे छायाचित्र अशा प्रत्येक नोंदीला जोडलेले असावे, आणि हक्कदार किंवा सक्षम अधिकारी बोलेपर्यंत तिची दुरुस्ती करण्याची मुभा प्रणालीतील कोणालाही नसावी.